कॉम्प्रेस्ड फाइल ईटीएलमध्ये थेट वाचावी की आधी उघडून घ्यावी?

दूधपावती (धागाकर्ता)
माझं मत आधीच सांगतो: झिप फाइल पेंटाहोत (आमचं ईटीएल टूल, म्हणजे डेटा काढून, हवा तसा बदलून डेटाबेसमध्ये भरणारं) थेट वाचू नये. आधी डिस्कवर उघडा, आत काय काय आहे ते मोजा, मगच लोड करा.

एका दूध संघाच्या संकलन केंद्रांवरून आमच्याकडे रोज झिप येते. आत एकच सीएसव्ही असायची: सभासद क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ), दर. 'टेक्स्ट फाइल इनपुट' स्टेपमध्ये कॉम्प्रेशनला 'झिप' निवडलं आणि आम्ही निर्धास्त झालो. पुढे केंद्रांनी सकाळची आणि संध्याकाळची फाइल वेगळी केली, पण दोन्ही एकाच झिपमध्ये. या पर्यायात झिपमधली फक्त पहिली फाइल वाचली जाते. डॉक्युमेंटेशनमध्ये तसं स्पष्ट लिहिलंय, आम्हीच ते वाचलं नव्हतं. एरर नाही, वॉर्निंग नाही, जॉब हिरवा. चार दिवस संध्याकाळचं दूध हिशेबातच आलं नाही. दहा दिवसांचं बिल निघायच्या आदल्या दिवशी एका सचिवांचा फोन आला, "साहेब, संध्याकाळचं एक लिटरही दिसत नाही." त्या बिलावर लोकांची पेंड आणि किराणा चालतो. ती रात्र मी विसरलेलो नाही.

पाथशोधक
कळकळ पटली, निष्कर्ष नाही. पेंटाहो फाइल्स अपाचे व्हीएफएस या लायब्ररीतून वाचतं, तिला झिपही फोल्डरसारखी उघडता येते. कॉम्प्रेशनचा पर्याय रिकामा ठेवून झिपचाच पाथ फोल्डरसारखा द्या आणि वाइल्डकार्ड (नावाचा नमुना) लावा, आतल्या सगळ्या सीएसव्ही येतात. म्हणजे चुकला तो पर्याय, थेट वाचणं नव्हे.

डिस्कचाही विचार करा. आमच्याकडची ६ जीबीची जीझिप (झिपसारखाच, पण एकच फाइल दाबणारा प्रकार) फाइल उघडली की ५० जीबीच्या वर जाते. आधी ५० लिहायचे, मग तेच ५० परत वाचायचे, कशासाठी? शिवाय उघडलेली फाइल पुसायची कोणी? सभासदांचे बँक खाते क्रमांक स्टेजिंग (तात्पुरत्या) फोल्डरमध्ये महिनोन् महिने उघडे पडलेले मी पाहिलेत. मला त्याची जास्त भीती वाटते.

रात्रपाळी
मी धागाकर्त्याच्या बाजूने, पण कारण वेगळं. झिपची अनुक्रमणिका फाइलच्या शेवटी असते, त्यामुळे अर्धवट आलेली झिप बहुधा उघडतच नाही. हे बरंच आहे. जीझिपचं तसं नाही. ती सुरुवातीपासून वाहायला लागते. सीआरसी (डेटा शाबूत आहे का ते तपासायचा आकडा) आणि मूळ आकार शेवटच्या ८ बाइट्समध्ये असतात. ट्रान्सफर मध्येच तुटला असेल तर ते कळेपर्यंत लाखो ओळी टेबलात कमिट (कायमच्या जमा) झालेल्या असतात. पहाटे तीनला त्या ओळी शोधून डिलीट करत बसलोय, म्हणून सांगतो.

आणखी एक. एकामागे एक जोडलेल्या जीझिप फाइल्स फॉरमॅटला पूर्ण मान्य आहेत. पण जावाच्या कॉमन्स कम्प्रेस लायब्ररीचा जीझिप वाचक, वेगळं सांगितलं नाही तर, पहिला तुकडा संपला की थांबतो. तासातासाचे लॉग जोडून दिवसाची फाइल केली असेल तर पहिलाच तास हाती लागेल. हेही मुकाट्याने.

पाथशोधक
रात्रपाळी, पहिल्या मुद्द्यावर उपाय आहे. जीझिपची टेस्ट कमांड डिस्कवर काही न लिहिता पूर्ण फाइल तपासते. ती पास झाली तरच लोड सुरू करा, आणि लोडही आधी स्टेजिंग टेबलात. दुसऱ्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. जोडलेल्या दोन छोट्या फाइल्स देऊन आमचं टूल उद्या तपासतो.

स्तंभालेख
स्पार्कवाल्यांसाठी (अनेक मशीनच्या क्लस्टरवर डेटा वाटून काम करणारं टूल) जाता जाता: जीझिप फाइलचे तुकडे पाडता येत नाहीत, ती कितीही मोठी असली तरी एकच टास्क वाचतो. बाकीचं क्लस्टर नुसतं बसून राहतं. बीझिप२ या दुसऱ्या कॉम्प्रेशनचे तुकडे पडतात. मी तर थेट पार्केट (डेटा स्तंभवार साठवणारा फाइल फॉरमॅट) मागतो.

दूधपावती
स्तंभालेख, केंद्रावर एक जुना पीसी आणि एक सचिव. त्यांच्याकडून पार्केट कसं मागणार?

पाथशोधक, जीझिपबाबत तुमचं मान्य, डिस्कवर उघडायची गरज नाही. झिपबाबत नाही. फाइलच्या नावाचा घोळ बघा. झिपमध्ये नाव युनिकोडमध्ये आहे हे सांगणारा एक बिट असतो. जुन्या सॉफ्टवेअरने तो लावला नाही, तर 'संध्याकाळ' हे नाव वाचणाऱ्याला भलत्याच चिन्हांत दिसतं. तुमचं वाइल्डकार्ड नावावर असेल तर फाइल सापडणार नाही, आणि जॉब पुन्हा हिरवाच.

पाथशोधक
नावावर कशाला, नुसत्या सीएसव्ही एक्स्टेंशनवर जुळवा. प्रत्येक झिपमधून दोन फाइल्स आल्या का ते मोजा, नाहीतर जॉब पाडा. मोजणीचा तुमचा आग्रह मला शंभर टक्के मान्य आहे. त्यासाठी डिस्कवर उघडायलाच हवं, एवढं मान्य नाही.

दूधपावती
मग उद्या सचिवांनी विचारलं की आमची फाइल आली होती का, तर त्यांना दाखवायचं काय?

पाथशोधक
मूळ झिप. ती तर जशीच्या तशी ठेवलेली असायला हवी. तुमच्याकडे लोड झाल्यावर ती पुसतात का?

दूधपावती
पुसत होतो. आजपासून नाही.