बुद्धिबळातील इव्हान्स गॅम्बिट: लास्कर बचावापुढे पांढऱ्याने काय करावे?

प्रश्न:
मी पांढऱ्या मोहऱ्यांनी ई४ (अक्षर स्तंभाचे, आकडा ओळीचा; मोहऱ्याचे नाव नसेल तर चाल प्याद्याची), घोडा एफ३, उंट सी४ अशी इटालियन सुरुवात करतो. डी३ खेळून डाव सावकाश उभारणे मला मानवत नाही, म्हणून काळ्याचा उंट सी५ वर आला की चौथ्या चालीत बी४ खेळून प्यादे देतो; हल्ल्यासाठी प्यादे देण्याची हीच सुरुवात म्हणजे इव्हान्स गॅम्बिट. मात्र काळा खेळाडू प्यादे मारून, सी३ नंतर उंट ए५ वर नेतो, डी४ ला डी६ ने उत्तर देतो आणि माझा किल्लेकोट (राजा व हत्ती एकाच चालीत हलवणे) होताच उंट बी६ वर घेतो. मग मी ई५ वर मारामारी केली की वजीर पटावरून जातात. प्यादे परत मिळते, पण हल्ला उरत नाही. माजी जगज्जेते लास्कर यांच्या या बचावानंतर हे गॅम्बिट सोडून द्यावे का?

उत्तर १:
सोडू नये. अडचण सातव्या चालीतील किल्लेकोटाची आहे. वजीर गेल्यावर तुमची ए आणि सी स्तंभांवरील प्यादी एकाकी पडतात (शेजारच्या स्तंभांवर त्यांना आधार देणारे प्यादे नसते) आणि अंतिम टप्पा काळ्याला सोयीचा होतो. लास्कर यांनी प्यादे परत देण्यामागचा हेतू तोच होता. म्हणून काळ्याने डी६ खेळताच किल्लेकोट न करता वजीर बी३ वर आणावा. वजीर व उंट मिळून एफ७ वर रोख धरतात, त्यामुळे काळ्याला बहुधा वजीर डी७ वर न्यावा लागतो आणि त्याच्याच सी८ वरील उंटाची वाट अडते. त्यानंतर डी प्याद्याने ई५ वर मारावे. काळा लगेच परत न मारता उंट बी६ वर घेऊन घोडा ए५ ची तयारी करतो, तेव्हा बी१ चा घोडा डी२ वर आणणे मला सर्वांत भक्कम वाटते. दिलेल्या प्याद्याचा मोबदला म्हणजे वेळ आणि ए३ ते एफ८ हा मोकळा कर्ण; अँडरसन यांनी १८५२ मध्ये ड्युफ्रेन यांच्याविरुद्ध याच कर्णावर उंट ए३ ला आणला होता. हे ध्यानात ठेवले, तर प्यादे परत मिळवण्याची घाई होत नाही.

उत्तर २:
पाचव्या चालीत उंट ई७ वर परतला, तर १९९५ मध्ये रिगा येथे झालेला कास्पारोव्ह विरुद्ध आनंद हा डाव अवश्य अभ्यासावा. डी४, घोडा ए५, उंट ई२ यांनंतर काळ्याने डी४ वर मारले, तेव्हा कास्पारोव्ह यांनी वजिराने परत मारून जी७ वर रोख धरला. एरवी वजिराला हुसकावणारा सी६ चा घोडा त्या वेळी ए५ वर होता! कास्पारोव्ह २५ चालींत जिंकले.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. काळ्याने प्यादे स्वीकारलेच नाही, तर?

उत्तर १:
उंट बी६ वर गेल्यास ए४ खेळावे. ए५ ची धमकी असल्याने काळा सहसा ए६ करतो आणि वजिराच्या बाजूला तुम्हाला प्यादे न गमावता जागा मिळते. तिसऱ्याच चालीत घोडा एफ६ आला, तर मात्र इव्हान्स खेळता येत नाही; तिथे डी४ किंवा घोडा जी५ यांचा वेगळा अभ्यास हवा.