जुन्या लक्झरी सेडानमध्ये पेट्रोलचा वास
प्रश्न: मंडळी, २००९ ची जर्मन सेडान आहे, टाकी फुल्ल केली की मागच्या सीटवर उग्र वास येतो, अर्धी झाली की जातो, खाली थेंबही नाही. आई-बाबांना घेऊन कसारा घाटातून मुंबईला जायचंय, जाऊ का?

उत्तर: अजिबात नको दादा! भरल्यावरच वास म्हणजे गळती टाकीच्या वरच्या बाजूला. मागची सीट उचल, खाली टाकीतल्या पेट्रोल पंपाचं झाकण असतं, त्याची रबरी रिंग कडक होऊन चिरते, भोवतीची धूळ ओली काळपट दिसली तर तेच.

उत्तर: इंजिनकडचे होस (पेट्रोलचे रबरी पाइप) पण बघ, इथेनॉलवालं पेट्रोल जुन्या रबराला मानवत नाही. साधा पाइप लावू देऊ नको, फ्युएल इंजेक्शनचं (इंजिनात पेट्रोल फवारण्याचं) जास्त प्रेशर सोसणाराच हवा.

प्रश्नकर्ता: झाकणाभोवती ओलंच आहे. गाडी ढकलून उघड्यावर ठेवली, उद्या टो करून इथे नाशिकमध्येच अंबडला गॅरेजात नेतो, आई-बाबा पंचवटी एक्स्प्रेसने जातील.