लिव्ह अँड लायसन्सवर घेतलेला फ्लॅट मालक विकत आहेत. मुदत संपण्याआधी घर सोडावे लागेल का?

इंदिरानगर_रहिवासी

नमस्कार. आम्ही नाशिकला इंदिरानगर भागात दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहतो. घरात आम्ही दोघे, दहावीत शिकणारी मुलगी आणि सासूबाई असे चौघे आहोत. करार लिव्ह अँड लायसन्सचा असून तो ऑनलाइन नोंदवलेला आहे. मुदत 1 जूनपासून 24 महिन्यांची आहे, भाडे दरमहा 14,500 रुपये आणि अनामत 60,000 रुपये. पहिले 12 महिने लॉक-इन, म्हणजे या काळात करार मध्येच संपवता येत नाही, आणि त्यानंतर एक महिन्याची नोटीस, असे करारात लिहिलेले आहे. आजवर एकाही महिन्याचे भाडे आम्ही थकवलेले नाही.

गेल्या रविवारी दुपारी आम्ही जेवायला बसलो असताना एक एजंट पाच जणांचे कुटुंब घेऊन दारात उभा राहिला. घर विकायला काढले आहे, हे आम्हाला तेव्हा कळले. सासूबाई देवघरासमोर जप करत होत्या, तरी ती मंडळी चपला बाहेर काढून थेट त्या खोलीत गेली. त्यांच्यातल्या एकांनी स्वयंपाकघरातला ओटा टेपने मोजला आणि हा ओटा काढून टाकावा लागेल, असे आमच्यासमोरच सांगितले. घरमालक पुण्याला असतात. त्यांना फोन केला, तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितले की सौदा जवळजवळ ठरला आहे, 31 डिसेंबरपर्यंत घर रिकामे करून द्या आणि अनामत मी नंतर पाठवतो.

मुलीची बोर्डाची परीक्षा तोंडावर असताना डिसेंबरमध्ये घर बदलणे आम्हाला फार कठीण आहे. मालकांना घर विकण्याचा हक्क आहे, हे मला मान्य आहे. परंतु विक्री झाली म्हणून आमचा करार आपोआप संपतो का, नवीन मालक आम्हाला लगेच बाहेर काढू शकतात का आणि अनामत कोणाकडे मागायची, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पंचवटी_वाडा

ताई, तुम्ही मुळीच घाबरू नका. घर विकले म्हणून भाडेकरू निघत नाही, हे आमच्या घराने दोनदा अनुभवले आहे. आमच्या आजोबांनी पंचवटीतल्या वाड्यात दोन खोल्या भाड्याने घेतल्या, तेव्हा 1947 चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा लागू होता. आता 31 मार्च 2000 पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 लागू आहे. या काळात वाडा दोनदा विकला गेला. दुसऱ्या मालकांनी भाडे घेणेच बंद केले, म्हणजे पुढे भाडे थकले असे दाखवून दावा लावता आला असता. वडिलांनी तेव्हापासून दर महिन्याला मनीऑर्डर पाठवली. प्रत्येक वेळी ती 'घेण्यास नकार' असा शेरा घेऊन परत यायची. त्या परत आलेल्या पावत्या त्यांनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात महिन्यांप्रमाणे दोऱ्याने बांधून ठेवल्या होत्या. पुढे मालकांच्या वकिलांची थकबाकीची नोटीस आली, तेव्हा तोच डबा आमच्या वकिलांच्या टेबलावर उघडला गेला आणि थकबाकीचा विषय तिथेच संपला.

कायद्याच्या कलम 16 मध्ये ताबा मागण्याची कारणे दिलेली आहेत. मालकाची स्वतःची खरी आणि वाजवी गरज, परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवणे, सबळ कारणाशिवाय सहा महिने जागा न वापरणे अशी ती कारणे आहेत. 'मला घर विकायचे आहे' हे कारण त्यांत नाही. म्हणून आपण कायद्याने वागत राहावे आणि घर सोडू नये, असे माझे मत आहे.

दिवाणी_वकील_नाशिक

वरच्या सदस्यांनी लिहिले आहे ते त्यांच्या वाड्यापुरते अगदी बरोबर आहे आणि त्यांच्या वडिलांनी जे केले ते प्रत्येक जुन्या भाडेकरूने करावे असेच आहे. मात्र इंदिरानगरच्या ताईंनी त्याच्या भरवशावर निर्णय घेतला, तर त्यांचे नुकसान होईल, म्हणून सविस्तर लिहितो.

बोलताना आपण दोघांनाही भाडेकरू म्हणतो, पण कायद्याच्या नजरेत ही दोन वेगळी माणसे आहेत. वाड्यातल्या कुटुंबाचा जागेत भाडेकरू म्हणून हक्क निर्माण झालेला आहे. अशी मालमत्ता विकली गेली, तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियम 1882 च्या कलम 109 प्रमाणे खरेदीदार जुन्या मालकाच्या जागी येतो आणि भाडेसंबंध तसाच पुढे चालू राहतो. विक्रीची माहिती नसताना भाडेकरूने जुन्या मालकाला प्रामाणिकपणे दिलेले भाडे नवीन मालकाला पुन्हा द्यावे लागत नाही, अशीही तरतूद त्याच कलमात आहे. मालकाने त्रास देण्यासाठी पाणी किंवा वीज तोडली, तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 29 खाली दाद मागता येते.

ताईंचा करार लिव्ह अँड लायसन्सचा आहे, म्हणजे त्यांना जागेत हक्क मिळालेला नसून जागा वापरण्याची परवानगी मिळालेली आहे. या परवानगीला भारतीय सुविधाधिकार अधिनियम 1882 लागू होतो. त्याचे कलम 59 सांगते की परवानगी देणाऱ्याने मालमत्ता दुसऱ्याला हस्तांतरित केली, तर नवीन मालक केवळ मालक झाला म्हणून त्या परवानगीने बांधला जात नाही. त्यामुळे विक्रीनंतरही 24 महिने इथेच राहण्याचा माझा हक्क आहे, असे ताईंना खरेदीदाराला ठामपणे सांगता येणार नाही. हे ऐकायला कठोर वाटेल, पण आताच माहीत असलेले बरे.

आता दुसरी बाजू. खरेदीदार बांधलेला नसला, तरी तुमचे सध्याचे मालक स्वतःच्या सहीच्या करारातून सुटत नाहीत. त्याच अधिनियमाच्या कलम 64 प्रमाणे, मोबदला देऊन घेतलेली परवानगी पूर्ण उपभोगण्याआधी, परवानाधारकाचा काहीही दोष नसताना त्याला बाहेर काढले, तर परवानगी देणाऱ्याकडून भरपाई मागता येते. परवानगी संपुष्टात आल्यावर जागा सोडण्यासाठी आणि सामान हलवण्यासाठी वाजवी वेळ मिळण्याचा हक्क कलम 63 देते. म्हणून तुमच्या करारातला लॉक-इनचा परिच्छेद शब्दन् शब्द वाचा. काही करारांत लॉक-इन फक्त राहणाऱ्यावर लादलेला असतो, काहींत तो दोघांनाही बंधनकारक असतो. तुमच्याकडे दुसरा प्रकार असेल, तर 31 मेपूर्वी घर रिकामे करून मागणे हा मालकांनी केलेला करारभंग ठरतो. नवीन घराची दलाली, सामान हलवण्याचा खर्च आणि भाड्यातला वाढीव फरक यांचे हिशेब आणि पावत्या मग उपयोगी पडतात.

घर दाखवण्याबद्दल सांगायचे, तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 28 प्रमाणे मालकाला जागा पाहता येते, पण आधी सूचना देऊन आणि वाजवी वेळी. हे कलम परवान्याने दिलेल्या जागेलाही लागू आहे. रविवारी जेवणाच्या वेळी न सांगता आलेल्या एजंटला दारातूनच परत पाठवले असते, तरी तुमचे काही चुकले नसते.

करार नोंदवलेला आहे, ही तुमची मोठी जमेची बाजू आहे. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे लेखी करार करून तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची असते आणि असा करार नसेल, तर विरुद्ध सिद्ध होईपर्यंत अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. तुमच्या बाबतीत अटी कागदावरच असल्याने वाद तोंडी शब्दांवर जाणार नाही. मात्र मुदत संपल्यावरही हट्टाने राहू नका. त्याच कायद्याच्या कलम 24 खाली मालक अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतात, तिथले समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत बचावाची परवानगी मागावी लागते आणि मुदतीनंतरच्या काळासाठी भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागू शकते.

आज करायचे काम एकच आहे. मालकांना ईमेल आणि पोचपावतीसह टपालाने पत्र पाठवा. त्यात कराराचा नोंदणी क्रमांक, लॉक-इनचा परिच्छेद, मुलीची परीक्षा आणि तुम्ही कोणत्या तारखेपर्यंत घर सोडू शकता, हे लिहा. खरेदीदाराच्या वकिलांनी स्थानिक दैनिकात हरकती मागवणारी जाहीर नोटीस दिली, तर तिलाही कराराची प्रत जोडून मुदतीत उत्तर द्या. त्याने विक्री थांबेल असे नाही, पण घरात कोण आणि कोणत्या कराराने राहते, हे माहीत नव्हते असे खरेदीदाराला पुढे म्हणता येणार नाही.

पाथर्डी_फाटा_घरमालक

मी घरमालकाच्या बाजूने लिहितो, कारण मी याच परिस्थितीत एक फ्लॅट विकला आहे आणि सुरुवातीला माझी चूक झाली होती. माझ्याकडे राहणाऱ्या कुटुंबाला विक्रीची बातमी इमारतीच्या वॉचमनकडून समजली. त्या घरातल्या काकूंनी मला फोनवर एवढेच विचारले की तुम्ही आधी आम्हाला का नाही सांगितले, आणि माझ्याकडे उत्तर नव्हते.

त्यानंतर आम्ही एकत्र बसून एका कागदावर सगळे लिहिले. घर फक्त शनिवारी संध्याकाळी 5 ते 7 या वेळेत आणि आदल्या दिवशी कळवून दाखवायचे, बँकेचा व्हॅल्युअर येणार असेल तर त्याची वेळ वेगळी ठरवायची, घर सोडायला त्यांना दोन महिने द्यायचे आणि शेवटच्या महिन्याचे भाडे मी घ्यायचे नाही, असे ठरले. अनामतीचा प्रश्न मात्र अवघड होता. बहुतेक मालकांप्रमाणे माझ्याकडूनही ती रक्कम खर्च झालेली होती. मी साठेखताच्या, म्हणजे विक्रीच्या प्राथमिक कराराच्या, वेळी मिळालेल्या विसारातून (आगाऊ रकमेतून) अर्धी अनामत लगेच परत केली आणि उरलेली किल्ली घेताना त्यांच्यासमोर मोबाइलवरून बँकेत जमा केली. ताई, तुमच्या मालकांकडेही पैसे विसारातूनच येणार आहेत, म्हणून अनामतीची तारीख साठेखताशी जोडून मागा. खरेदीखत, म्हणजे विक्रीचा अंतिम दस्त, होऊन मालक पुण्याला परत गेले की पाठपुरावा करणे कठीण होईल.

खरेदीदाराला स्वतः राहायचे नसेल, तर एक सोपा मार्गही आहे. तुम्ही त्याच्या नावाने नवीन लिव्ह अँड लायसन्स करून तिथेच राहू शकता. मुद्रांक शुल्क मुदतीतल्या एकूण भाड्याच्या आणि अनामतीवरच्या 10 टक्के वार्षिक व्याजाच्या बेरजेवर 0.25 टक्के असते आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000 रुपये. घर बदलण्याच्या खर्चापुढे ही रक्कम काहीच नाही.

इंदिरानगर_रहिवासी

आपण सर्वांनी एवढा वेळ देऊन लिहिले, याबद्दल मनापासून आभार. काल रात्री करार पुन्हा वाचला. लॉक-इनच्या परिच्छेदात 'दोन्ही पक्षांना बंधनकारक' असे स्पष्ट शब्द आहेत. सही करताना आम्ही ते लक्षपूर्वक वाचलेच नव्हते. आज सकाळी मालकांना ईमेल केला आणि दुपारी पत्रही पाठवले. संध्याकाळी त्यांचा फोन आला आणि या वेळी त्यांचे बोलणे बरेच वेगळे होते. परीक्षा झाल्यावर 31 मार्चपर्यंत राहा आणि घर शनिवारीच दाखवू, असे ते म्हणाले. मी त्यांना हे ईमेलवर लिहून पाठवण्याची विनंती केली आहे.

आता एकच शंका उरली आहे. खरेदीखत जानेवारीत झाले, तर फेब्रुवारी आणि मार्चचे भाडे कोणाला द्यायचे आणि 60,000 रुपये कोणाकडून घ्यायचे?

दिवाणी_वकील_नाशिक

फार चांगले केलेत. मात्र मी वर लिहिल्याप्रमाणे खरेदीदार तुमच्या परवानगीने बांधलेला नसतो, त्यामुळे 31 मार्चचा शब्द फक्त जुन्या मालकांचा असून भागणार नाही. खरेदीखताआधीच जुने मालक, खरेदीदार आणि तुम्ही अशा तिघांच्या सह्यांचे एक पत्र करून घ्या. 31 मार्चपर्यंतचे वास्तव्य खरेदीदाराला मान्य आहे, अमुक तारखेपासून भाडे त्याच्या बँक खात्यात जमा करायचे आणि अनामत परत करण्याची जबाबदारी अमुक व्यक्तीची आहे, असे त्यात नावानिशी लिहा. असे पत्र होईपर्यंत भाडे जुन्याच खात्यात भरत राहा. अनामत ज्यांनी घेतली, तेच ती परत करायला बांधील आहेत. खरेदीदाराने लेखी जबाबदारी घेतल्याशिवाय 'आता त्यांच्याकडे मागा' हे उत्तर स्वीकारू नका.

घर सोडण्याच्या दिवशी प्रत्येक खोलीचे आणि वीज मीटरच्या रीडिंगचे फोटो काढा, महावितरणचे शेवटचे बिल आणि सोसायटीची देणी भरल्याच्या पावत्या जवळ ठेवा. किल्ली एजंटकडे देऊन येऊ नका. ताबा दिल्याच्या पावतीवर सही घ्या आणि रक्कम खात्यात जमा झाल्याचा संदेश आल्यावरच किल्ली हातात द्या.