परदेशी बटाटा बंद करा म्हणे! आपल्या गोव्यात आला कधी?

घाटाखालचा
काल एकाने इथे लांबलचक लिहिलं, भूतानचा बटाटा अडवा, आयात कायमची बंद करा, मग शेतकरी जगेल आणि गोव्यातसुद्धा बटाटा पिकेल, स्वयंपूर्ण गोवा वगैरे वगैरे. खाली टाळ्याच टाळ्या. डोकं फिरलं म्हणून लिहितोय. अरे आयात आहे किती? २०२० च्या ऑक्टोबरात भाव भडकले तेव्हा केंद्राने १० लाख टनांना परवानगी दिली, ड्यूटी ३० ची १० टक्के केली, तीपण जानेवारी २०२१ पर्यंत. भूतानच्या मालाला लायसन माफ केलं. आणि तेव्हा देशात पिकत होता वर्षाला पाच कोटी टनांच्या आसपास. म्हणजे तो अख्खा कोटा आला असता तरी दोन टक्के! म्हापशाच्या बाजारात पोती येतात ती बेळगावहून, नाहीतर आग्रा-इंदूरची. चोर्ला घाट बंद पडला की आपली भाजी महागते, थिंफूत काही झालं म्हणून नाही.

सत्तरीकर
आकडेमोड झकास, मुद्दा मात्र डोक्यावरून गेला तुमच्या. भाव माल पाडत नाही, बातमी पाडते. "आयात येणार" एवढं टीव्हीवर झळकलं की कोल्ड स्टोरेजवाले घाबरून पोती बाहेर काढतात, आणि नेमका त्याच सुमाराला पंजाबातला नवा बटाटा निघायला लागतो. मेला कोण? शेतकरी. महाग झाला की सरकारला एका रात्रीत ड्यूटी उतरवता येते, आणि शेतकरी रस्त्यावर बटाटा ओततो तेव्हा सगळे गाढ झोपलेले.

घाटाखालचा
बरं बाबा, बातमीचं धरतो. पण "गोव्यात पिकवा" त्याचं काय? बटाटा पोसायला रात्री थंड लागतात, वीस डिग्रीच्या खाली उतरल्या तर उत्तम. आपण जानेवारीत चार पहाटे शाल घेतो तेवढ्यात कंद धरणार होय? कणगांचे कंद लावा, चवळी लावा, आगशीची वांगी लावा, कोण नको म्हणतंय. बटाट्याचा हट्ट कशाला.

डिचोलीची सून
आयात राहू द्या, आमच्या नाक्यावर काय विकतात ते बघा आधी. "नवा बटाटा" म्हणून दिला, वर लाल माती थापलेली. घरी नळाखाली धरला तर माती गेली आणि खाली जुनं, सुरकुतलेलं साल. नवा असता तर अंगठ्याने चोळल्यावर साल निघून आलं असतं ना. काचऱ्या केल्या तर कडा काळ्या आणि चव गोडूस, कोल्ड स्टोरेजचा असला की असंच होतं. वर पिशवीत तळाशी दोन हिरवे. नियम करायचेच तर हा करा, पाटीवर नवा की जुना ते लिहून विका.

बाजारकर
वहिनी, सगळ्यांना एका माळेत ओवू नका. आमचं दुकान वडिलांपासून आहे. पोत्यात दोन सडले की बाकीच्यांना लागतं, उन्हाळ्यात वजन घटतं ते वेगळंच. सरकारचं म्हणाल तर २०२० मध्ये बटाटा-कांदा आवश्यक वस्तूंच्या यादीतून काढला, भाव दुप्पट झाले तरच साठ्यावर लिमिट म्हणाले, आणि २०२१ मध्ये ते तिन्ही कृषी कायदेच मागे. चार पोती जास्त ठेवली तर आम्ही साठेबाज, नाही ठेवली तर टंचाई पण आमच्यामुळेच!

सत्तरीकर
भूतान सोडा एक वेळ, शेजारच्या राज्याचं काय? २०२४ मध्ये बंगालने बटाट्याचे ट्रक हद्दीवर अडवले, ओडिशात बोंबाबोंब झाली. उद्या कर्नाटकाने अडवले तर? मार्च २०२० मधला लॉकडाऊन विसरलात वाटतं, बेळगावच्या गाड्या थांबल्या आणि आपण भेंडीचं एक देठ बघायला तरसलो होतो. म्हणून म्हणतो, जे पिकतं ते तरी इथे पिकवा.

कुळागर
पिकवा पिकवा! कुठे? डोंगरावर बंगले, शेतात भराव. नगरनियोजन कायद्याच्या ३९-अ खाली जमिनींचे झोन बदलण्याच्या जाहिराती वाचता की नुसते बटाट्याचे भाव? आणि उरलेल्यात लावलं तर रात्री गवे, दिवसा माकडं. मागच्या साली मिरची लावली, कुंपणाला पैसे ओतले, एका रात्रीत रानडुकरांनी नांगरून ठेवलं. भरपाईच्या अर्जावर अजून "प्रोसेसमध्ये".

घाटाखालचा
शेतं विकली कुणी पण? बाहेरच्यांनी येऊन हिसकावली नाहीत. आपल्याच लोकांनी सह्या केल्या, आता रडतात.

कुळागर
तोंड सांभाळून हां. आमच्या जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर इतकी नावं आहेत की अर्धे मुंबईत, काही लिस्बनात आणि काही वर गेलेले. कसणारा मी एकटा. कर्ज मागितलं तर सगळ्यांच्या सह्या आणा म्हणतात. मी विकलं नाही, विकणारही नाही. एसीत बसून सह्यांच्या गोष्टी सांगणं सोपं असतं.

बाजारकर
२०२३ चा कायदा आहे ना, भातशेती बिगरशेतकऱ्याला विकता येत नाही.

कुळागर
कायदा आहे. शेजारच्या शेतात टिप्पर पण आहे. या, दाखवतो.

घाटाखालचा
तुम्हाला म्हटलं नव्हतं, ज्यांनी विकली त्यांना म्हटलं. गवे-डुकरांचं खरं आहे, आमच्या मेहुण्याने त्याच कंटाळ्याने काजू लावून टाकले.

सत्तरीकर
चला, कुणाचं तरी ऐकलंत. मग माझंही घ्या: बंदी नको, पण ड्यूटी कधी उतरणार आणि परत कधी चढणार हे लावणीच्या आधी सांगा. मधेच बदलू नका.

घाटाखालचा
हे कालच्या पोस्टवाल्याने लिहिलं असतं तर मी जेवून झोपलो असतो.

डिचोलीची सून
तुमचं जुळलं, आनंद आहे. माझ्या हिरव्या बटाट्यांचं काय?

बाजारकर
परत नेऊन द्या वहिनी. बदलून नाही दिले तर दुकान बदला.

डिचोलीची सून
पुढच्या नाक्यावरचं दुकान त्याच्याच भावाचं आहे.