चौसष्ट अश्वशक्ती दोनदा: ‘अल्टो वर्क्स’ १९८७ची की २०१५ची?

मूळ मत
सुझुकीने फेब्रुवारी १९८७मध्ये जपानात ‘अल्टो वर्क्स’ आणली आणि डिसेंबर २०१५मध्ये ते नाव पुन्हा बाजारात आणले. मध्ये अठ्ठावीस वर्षे गेली, तरी दोन्ही गाड्यांची कमाल शक्ती ६४ अश्वशक्तीच आहे. माझ्या मते खरी ‘वर्क्स’ पहिलीच. अवघ्या ५४३ सीसीच्या, तीन सिलिंडरच्या इंजिनाला बारा व्हॉल्व्ह, दुहेरी कॅमशाफ्ट, टर्बो आणि इंटरकूलर देऊन सुझुकीने जो आकडा गाठला, त्यावरच जपानी उत्पादकांनी ‘केई’ वर्गाची, म्हणजे जपानमधल्या सर्वांत लहान गाड्यांच्या वर्गाची, कमाल शक्तीची मर्यादा आपसांत ठरवून घेतली. नव्या गाडीने पाळलेली मर्यादा मुळात जुन्या गाडीचीच आहे. (आपल्याकडे १९८६पासून २०१४पर्यंत धावलेली मारुती ८०० याच पिढीच्या अल्टोवर बेतलेली होती, त्यामुळे त्या ठेंगण्या, चौकोनी बांध्यात एवढी ताकद म्हणजे काय, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.)

प्रतिसाद १
आपला इतिहास मान्य, निष्कर्ष नाही. मर्यादा कमाल शक्तीवर आहे, टॉर्कवर, म्हणजे इंजिनाच्या फिरवण्याच्या जोरावर, नाही, आणि दोन्ही गाड्यांतला खरा फरक तिथेच आहे. जुन्या इंजिनाचा टॉर्क मिनिटाला ४,००० फेऱ्यांना सुमारे ७२ न्यूटन-मीटर होता. नव्या ६५८ सीसीच्या इंजिनात तो ३,००० फेऱ्यांनाच १०० होतो. घाटात वळणातून बाहेर पडताना चालकाला जाणवतो तो हा फरक. ६४चा आकडा माहितीपत्रकातच राहतो. शिवाय १९९० आणि १९९८च्या नियमबदलांनंतर केई गाड्यांची कमाल लांबी ३.२ मीटरवरून ३.४ मीटर झाली, टक्कर-सुरक्षेच्या अटी कडक झाल्या, तरी २०१५च्या गाडीचे वजन ६७० किलोच आहे. जुनी ६१० किलोंची होती.

मूळ मत मांडणाऱ्याचे उत्तर
वजनाबद्दल आपले म्हणणे रास्त आहे, तिथे मी माघार घेतो. मात्र टॉर्कचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. नवे इंजिन आपली पूर्ण शक्ती ६,००० फेऱ्यांना देते, जुने ७,५००ना. म्हणजे जुन्या गाडीत ती शक्ती हवी असेल, तर योग्य गिअर निवडून इंजिन वरच्या फेऱ्यांत खेळते ठेवावे लागते. ज्याला हे कष्ट नकोत, त्याने साधी अल्टो घ्यावी.

प्रतिसाद २
गिअरचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट दोघांच्याही नजरेतून सुटली आहे. मार्च २०१५मध्ये सुझुकीने आधी ‘अल्टो टर्बो आरएस’ आणली, आणि ती फक्त एजीएस गिअरबॉक्ससह मिळत होती. एजीएस म्हणजे क्लचचे पेडल नसलेली, गिअर आपोआप बदलणारी, आपल्याकडे २०१४च्या सेलेरिओमुळे ओळखीची झालेली एएमटी. त्याच वर्षअखेरीस आलेल्या ‘वर्क्स’मध्ये जवळजवळच्या गुणोत्तरांचा पाच गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि रेकारो कंपनीच्या सीट होत्या. तेव्हा कष्ट टाळणाऱ्यांसाठीची गाडी ‘टर्बो आरएस’ होती. तो आक्षेप ‘वर्क्स’वर घेणे योग्य नाही.