मेडिकल स्कूलच्या अर्जात 'अडचणीवर मात': घरातलं किती लिहायचं?

एडिसनची_आई
नमस्कार मंडळी, लेक यंदा अमेरिकेत मेडिकलसाठी ॲमकॅस, म्हणजे तिथल्या मेडिकल स्कूल्सचा सामाईक ऑनलाइन अर्ज, भरतेय. आमच्या वेळी बारावीचे मार्क आणि लिस्ट एवढंच माहीत, आजही तिकडे भाचरांचं नीटचे ७२० पैकी किती एवढ्यावर ठरतं, त्यामुळे हे एसे प्रकरण आम्हा दोघांना नवीनच आहे. ती कॉलेजात सेकंड इयरला असताना ह्यांची नोकरी गेली, बरेच महिने घरी होते, लेक वीकेंडला ग्रोसरी स्टोअरमध्ये काम करायची आणि त्याच वर्षी ऑरगॅनिक केमिस्ट्रीत सी ग्रेड आला. तिला हे लिहायचंय. ह्यांचं म्हणणं, घरातलं घरात राहू दे, परक्यांपुढे रडगाणं कशाला. मलाही वाटतं की दया मागितल्यासारखं होईल का? आणि लिहायचंच तर पर्सनल स्टेटमेंटमध्ये की दुसरीकडे?

रेसिडेंट_मुलुंडकर
ताई, आधी जागेचं सांगतो. पर्सनल स्टेटमेंटला ५३०० कॅरेक्टर्स, स्पेस धरून, आणि तिथे प्रश्न एकच की डॉक्टर का व्हायचंय. सी का आला याची कैफियत तिथे नको, निम्मी जागा त्यातच जाते. २०२४ च्या सायकलपासून (म्हणजे त्या वर्षीच्या प्रवेशफेरीपासून) 'अदर इम्पॅक्टफुल एक्स्पीरियन्सेस' म्हणून वेगळा ऐच्छिक एसे आहे, १३२५ कॅरेक्टर्सचा, घरची परिस्थिती, पैशाची ओढाताण, शिक्षणातले अडथळे हे सगळं तिथे लिहिता येतं. तुमच्या लेकीची गोष्ट तिथलीच. शिवाय पुढे सेकंडरीज, म्हणजे एकेका मेडिकल स्कूलचे स्वतःचे वेगळे प्रश्न, येतील, त्यात बरीच स्कूल्स 'एखादी अडचण सांगा' असं सरळ विचारतात, म्हणजे हा विषय टळणार नाहीच.

आता मला सांगा, नोकरी गेल्यावर तिने स्वतः काय काय केलं? ग्रोसरी सोडून.

एडिसनची_आई
तसं विशेष काही नाही हो. नोकरीबरोबर इन्शुरन्स गेला आणि मला डायबिटीस, इन्शुलिन चालू. तिनेच शोधून काढलं की कम्युनिटी हेल्थ सेंटरमध्ये उत्पन्नाप्रमाणे फी घेतात. आमचा टॅक्स रिटर्न, ह्यांचं अनएम्प्लॉयमेंटचं पत्र, सगळं एका फाइलला लावून घेऊन गेली माझ्याबरोबर. खिडकीवर एक आजी होत्या मराठी बोलणाऱ्या, मुलाकडे आलेल्या, त्यांना फॉर्म कळेना, तर तिने त्यांचाही भरून दिला, मग अधूनमधून जायला लागली तिथे मदतीला.

रेसिडेंट_मुलुंडकर
अहो, विशेष काही नाही काय म्हणता, हाच तर एसे आहे! नोकरी गेली हे दोन ओळींत उरकायचं, आणि ती फाइल, ती खिडकी, त्या आजी यांना जागा द्यायची (आजींचं नाव वगैरे मात्र अजिबात नको). वाचणाऱ्याला संकट किती मोठं होतं ते मोजायचं नसतं, पोरीवर वेळ आली तेव्हा ती कशी वागली ते बघायचं असतं. एएएमसी म्हणजे अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांची संघटना, तिच्या कॉम्पिटन्सीजच्या (अंगी हव्या त्या गुणांच्या) यादीत रेझिलियन्स, म्हणजे पडून परत उभं राहणं, आहे ना, तो 'मी खूप रेझिलियंट आहे' असं लिहून नाही दिसत. सी बद्दल एक वाक्य पुरे, पुढच्या सेमिस्टरला काय बदललं आणि नंतरचे ग्रेड कसे गेले तेवढं.

प्रीमेड_पोरगी
काकू, मी मागच्या सायकलला भरलं. काकांना सांगा, जे लिहू त्यावर इंटरव्ह्यूत विचारू शकतात, म्हणून निकष साधा ठेवायचा, अनोळखी माणसासमोर शांतपणे बोलता येईल तेवढंच लिहायचं. माझ्या मैत्रिणीच्या घरचं एक दुखणं अजून ताजं होतं, तिने ते नाही लिहिलं, दुसरी गोष्ट घेतली आणि काही बिघडलं नाही. आणि ड्राफ्ट काकांना आधी वाचायला द्या ना, त्यांच्याबद्दल आहे म्हटल्यावर त्यांचा हक्क आहे. तुमच्या लेकीने स्वतःच द्यावा, तुम्ही मध्ये पडू नका.

अजून एक, ज्या मुलांवर अशी वेळ आलीच नाही त्यांनी तो ऐच्छिक एसे खुशाल कोरा सोडावा. ओढूनताणून संकट उभं केलेलं लगेच कळतं.

एडिसनची_आई
दिला तिने वाचायला. ह्यांनी दोनदा वाचला आणि म्हणाले 'लेऑफ' असं स्पष्ट लिही, 'कठीण काळ' वगैरे नको. मग क्लिनिकचं तेवढं पर्सनल स्टेटमेंटमध्येही चालेल का, की तेच तेच होईल?

रेसिडेंट_मुलुंडकर
चालेल की, पण वाटून घ्या. तिथे मदतीला जायला लागल्यावर डॉक्टर-पेशंटचं जे पाहिलं ते पर्सनल स्टेटमेंटला, इन्शुरन्स जाण्यापासून फाइलपर्यंतचं ऐच्छिक एसेला. किती तास काम केलं वगैरे अर्जातल्या ॲक्टिव्हिटीजच्या भागात टाका, तिथे ७०० कॅरेक्टर्स मिळतात. आणि सेकंडरीजची तयारी आत्ताच करायला सांगा, एकदम ढिगाने येतात आणि दोन आठवड्यांत परत पाठवलेल्या बऱ्या.