मदत हवी आहे : मुलीच्या नव्या गावातला मुक्काम निवांत कसा ठेवावा?

नोकरीनिमित्त दुसऱ्या शहरात स्थायिक झालेल्या आमच्या मुलीकडे आम्ही उभयता आणि माझ्या सासूबाई प्रथमच आठवडाभरासाठी जाणार आहोत. तिचा रोजचा रस्ता, तिची बाजारहाट, तिचे शेजारी हे सारे तिच्यासोबत सावकाश पाहावे, एवढीच आमची इच्छा आहे. तिने मात्र मोठ्या हौसेने रोज सकाळपासून रात्रीपर्यंतचा कार्यक्रम आखून पाठवला असून, त्यात जेवण होताच संग्रहालय आणि तेथून परस्पर टेकडीवरचा सूर्यास्त, असे एकाला एक लागून बेत आहेत. गुडघ्यांमुळे सासूबाईंना जिने चढवत नाहीत आणि दुपारी तासभर आडवे झाल्याशिवाय त्यांना बरे वाटत नाही.

काही ठिकाणे कमी करावीत असे मी फोनवर सुचवून पाहिले. परंतु आपली तयारी आम्हाला पसंत पडली नाही, असे वाटून ती हिरमुसली. तिचे मन मोडणे मला मुळीच नको आहे. तिने रजा घेतली आहे व तिकिटेही काढून झाली आहेत, त्यामुळे तारखा बदलता येणार नाहीत. तिचे घर लहान असल्याने जवळच वेगळी खोली घ्यावी असेही मनात येते, कारण मग सासूबाईंना हवे तेव्हा विसावता येईल.

मुलांकडे असे राहून आलेल्यांना माझे विचारणे आहे, की वेगळी खोली घेतल्याने सर्वांनाच मोकळेपणा मिळतो की दुरावा जाणवतो, आणि मुलीचा उत्साह न दुखावता दिवसाकाठी एकच बेत ठेवण्याविषयी तिच्याशी कसे बोलावे?